आधी मीटर, मग स्पीकर

दुपार कलली आहे. बुधवार पेठेतल्या तपकीर गल्लीत समोरून कुणी आलं की अंग चोरून उभं राहावं लागतं. गणपती तोंडावर आलेत. दिवसाउजेडी दिव्यांच्या माळा पेटवून ठेवल्यात, वायरींची भेंडोळी फुटपाथवर आलीत. सुट्या भागांच्या दुकानासमोर रांग आहे. प्रत्येकाच्या हातात चिठ्ठी. "५२०० आणि १९४३, दोन जोड्या." दुकानदार न बघता खण ओढतो. हे ट्रान्झिस्टर २३० व्होल्ट, १५ अँपिअरचे. नकली मालावरही हेच नंबर छापलेले असतात, म्हणून जाणती गिऱ्हाइकं दुकान बदलत नाहीत.

दुकानाच्या बाजूने लाकडी जिना वर जातो. वर पोटमाळा, डोक्यावर पत्रा. राळेचा धूर डोळ्यांना झोंबतो. टेबलापाशी काका बसलेत, समोर डिप्लोमाला असलेला एक मुलगा. मागच्या बाकावर आणखी तिघं आपापल्या पेट्या मांडीवर घेऊन थांबलेत. मुलाने किट आणून स्वतः जोडलेला अॅम्प्लिफायर उघडा पडलाय.

"काका, चालू केला की फ्यूज उडतो."

"मोठा फ्यूज टाकून बघितलास का?"

"नाही."

"शहाणा आहेस."

काका सिरीज बोर्ड पुढे ओढतात. त्यावर १०० वॅटचा साधा, तारेचा बल्ब. वीज आधी त्यातून, मग अॅम्प्लिफायरमध्ये. खटका दाबला जातो. बल्ब भगभगीत पेटतो आणि तसाच राहतो. म्हणजे आत शॉर्ट. पण पेटलेल्या बल्बमधून अर्धा अँपिअरही जात नाही, त्यामुळे बोर्ड शाबूत आहे.

खटका बंद. तरी कुणी बोर्डाला हात लावत नाही. १०,००० मायक्रोफॅरडचे दोन कंडेन्सर अजून भरलेले असू शकतात. काका एक जाड रेझिस्टर पक्कडीत धरून एकेका कंडेन्सरच्या टोकांना टेकवतात आणि मीटरवर शून्य दिसेपर्यंत थांबतात. मग मीटर बीपवर. एक काडी ट्रान्झिस्टरच्या पाठीला, दुसरी हीटसिंकला. शांत. दुसरा ट्रान्झिस्टर. शांत. तिसऱ्याला मीटर ओरडतं.

स्क्रू निघतो. पांढऱ्या पेस्टमध्ये माखलेला माइकाचा पातळ तुकडा उजेडात धरला जातो. भोकाजवळ तो टोचला गेलाय. ट्रान्झिस्टरची पाठ म्हणजे त्याचा कलेक्टर, त्यावर पूर्ण सप्लाय. हीटसिंक पेटीला, पेटी अर्थला. मधला हा पापुद्राच सगळं तोलत होता.

"बोट फिरव भोकावरून."

मुलगा फिरवतो. "कड लागतेय."

"ड्रिल मारल्यावर कड काढायची. आता काढ."

मुलगा जाड ड्रिलबिट हातानेच फिरवत कड घासतो. घाम हनुवटीवरून टेबलावर पडतो. नवा माइका, नवी पेस्ट, पुन्हा मीटर. यावेळी शांत. खटका. बल्ब क्षणभर उजळतो आणि विझत जातो. बाकावरचे तिघंही पुढे झुकतात.

मुलगा स्पीकरच्या वायरी उचलतो. काका त्याचा हात धरतात.

"आधी मीटर."

सिरीज बोर्ड काढून सरळ वीज दिली जाते. २४-०-२४ च्या ट्रान्सफॉर्मरवर दोन्ही बाजूंना ३४ व्होल्टच्या आसपास मिळतात. आउटपुट ट्रान्झिस्टर बाद असेल, तर हा डीसी थेट ८ ओहमच्या स्पीकरवर येतो. चार अँपिअर एकसारखे वाहतात आणि कॉइल जळते. आउटपुटवर मीटर १८ मिलिव्होल्ट दाखवतं. पन्नासच्या आत आहे. चालेल.

आता बायस, आवाज नसतानाही वाहणारा करंट. इमिटरच्या ०.२२ ओहमवर ११ मिलिव्होल्टच्या आसपास हवेत, म्हणजे साधारण ५० मिलिअँपिअर. करंट याहून फार कमी ठेवला तर हळू आवाजात खरखर येते. जास्त ठेवला तर ट्रान्झिस्टर तापतो, तापला की अजून करंट ओढतो, ओढला की अजून तापतो. त्याला आवरायला हीटसिंकवरच एक छोटा ट्रान्झिस्टर बसवलेला असतो. उष्णता लागली की तो बायस खाली आणतो. प्रीसेट केसभर फिरतो. काका पंखा भिंतीकडे वळवतात, हीटसिंकवर वारा नको. पत्र्याखाली सगळे घामाने भिजून जातात. कुणी तक्रार करत नाही. ११. १३. १४. पुन्हा १३. आकडा ठरतो.

मग जुना, फाटक्या जाळीचा स्पीकर येतो. हमिंग. जाड, घुमणारं, ५० सायकलचं. सप्लायच्या गाळणीत दोष असता तर १०० चं, जरा चढं ऐकू आलं असतं. काका पेन्सिलीच्या टोकाने इनपुटची वायर सरकवतात. हमिंग वाढतं, कमी होतं. साधी वायर आहे, ट्रान्सफॉर्मरला खेटून गेलेली. तिच्या जागी शील्डची वायर येते, लांबच्या कडेने, शील्डचा अर्थ एकाच जागी. स्पीकरला कान लावावा लागतो, इतकी शांतता. मोबाइल जोडला जातो. पखवाजाची डावी बाजू पोटमाळ्यात उमटते, खोल आणि स्वच्छ.

तयार अॅम्प्लिफायर खाली गल्लीत हवा तितका मिळतो. पण आपल्या हाताने जोडलेला बोर्ड का बोलत नव्हता आणि आता का बोलतो, हे या मुलाला कळलंय. आवाजाइतकंच ते मोलाचं आहे.

"दुसरा चॅनल तू बघ," काका म्हणतात आणि बाकावरची पुढची पेटी मागून घेतात.

मुलगा सिरीज बोर्ड ओढतो. बल्ब उजळतो, विझतो. सिरीज निघते. काड्या आउटपुटवर टेकतात.

"काका, २२ मिलिव्होल्ट."

"बायस?"

"लावतो आता."

"लाव. वीस मिनिटं तापू दे. मग स्पीकर."