दोघांचा पोकर : वाट पाहणारा का हरतो?

राष्ट्रीय महामार्ग 66 पनवेलहून निघतो आणि कोकणातून गोव्यात उतरतो. सिंधुदुर्ग ओलांडला की पत्त्यांचा कायदाही बदलतो. गोव्याने 1976 च्या जुगारविषयक कायद्यात 1992 मध्ये दुरुस्ती करून पंचतारांकित हॉटेलांना वाट मोकळी केली आणि 1996 मध्ये जहाजांना. मांडवीतल्या कॅसिनोंमागे हाच कायदा आहे. महाराष्ट्रात जुगाराला बंदी घालणारा 1887 चा कायदा आजही लागू आहे. 1976 मध्ये राज्याने कॅसिनोचा एक कायदा केला होता, पण तो कधी अमलात आला नाही आणि 2023 मध्ये रद्दच झाला.

त्यामुळे पनवेलच्या माणसाची पोकरशी ओळख बहुधा गोव्याच्या सहलीत होते किंवा घरच्या बैठकीत. बरोबर तीन पत्तीची सवय आलेली असते. समोर एकच भिडू उरला की तीच सवय महागात पडते. म्हणून पैसे बाजूला ठेवून, फक्त दोघांमधला हा डाव कसा चालतो आणि तो कुठे हातातून जातो, हे पायरीपायरीने पाहू.

डावाची रचना

सर्वाधिक खेळला जाणारा प्रकार म्हणजे टेक्सस होल्डम. प्रत्येकाला दोन झाकलेली पाने मिळतात. मधे पाच पाने उघडी पडतात : आधी तीन (फ्लॉप), मग एक (टर्न), शेवटी आणखी एक (रिव्हर). स्वतःची दोन आणि मधली पाच, अशा सातांतून उत्तम पाच पानांचा संच धरायचा. पाने वाटल्यावर एकदा आणि मधली पाने पडतील तसतशी आणखी तीनदा, अशा बोलीच्या चार फेऱ्या होतात.

डाव सुरू होण्याआधी दोघांनाही सक्तीने चिप्स टाकावे लागतात. एकाचा छोटा ब्लाइंड, दुसऱ्याचा मोठा. घरी खेळताना इथेच घोळ होतो. दोघेच असतील तर छोटा ब्लाइंड वाटणाऱ्याने, म्हणजे ज्याच्यापुढे डीलरचे बटन आहे त्याने टाकायचा. फ्लॉपच्या आधी तो पहिला बोलतो आणि फ्लॉपनंतर प्रत्येक फेरीत शेवटी. पुढच्या डावात बटन दुसऱ्याकडे जाते. हा नियम चुकला तर खेळाचा तोलच बिघडतो, कारण शेवटी बोलणे हा दोघांच्या पोकरमधला सर्वांत मोठा फायदा आहे. समोरच्याने काय केले ते पाहून तुम्ही ठरवता, त्याला मात्र अंदाजावर चालावे लागते.

थांबण्याची किंमत

समजा, ब्लाइंड 10 आणि 20 आहेत आणि तुमच्याकडे 1500 चिप्स आहेत. नऊ जणांच्या टेबलावर एक फेरा पूर्ण व्हायला नऊ डाव लागतात आणि तेवढ्यात तुमचे 30 चिप्स जातात. काहीही न खेळता तुम्ही 450 डाव बसू शकता. दोघांत हेच 30 चिप्स दर दोन डावांना जातात, म्हणजे नुसते पान टाकत राहिलात तर शंभराव्या डावाला तुमच्यापुढे काही उरत नाही. ब्लाइंड वाढत गेले तर त्याआधीच.

दरम्यान चांगली पाने येतात तरी किती? दोन पानांच्या एकूण 1326 जुळण्या होतात आणि हातात जोडी, म्हणजे दोन सारखी पाने, येण्याची शक्यता सतरात एक. एक्क्यांच्या जोडीसाठी थांबणारा भिडू बहुधा ती येण्याआधीच संपलेला असतो.

समोर एकच जण असल्यामुळे पानांची किंमतही बदलते. कोणत्याही पानांविरुद्ध एक्क्यांची जोडी शंभरात सुमारे 85 वेळा जिंकते. पण सर्वांत दुबळी दुर्री-तिर्री, वेगवेगळ्या रंगांची असली तरी, सुमारे 32 वेळा जिंकतेच. राणी-सत्ती साधारण निम्म्या वेळा. नऊ जणांत जी पाने न बघता टाकावीत, ती इथे खेळण्याजोगी होतात. म्हणून बटन आपल्याकडे असताना बहुतेक पानांवर बोली वाढवायची आणि बटन समोर असताना हात थोडा आखडता घ्यायचा.

एक डाव उलगडून

बटन तुमच्याकडे आहे. हातात बदामचा राजा आणि किलवरची सत्ती. तुम्ही बोली 50 वर नेता, समोरचा कॉल करतो, म्हणजे तेवढेच चिप्स टाकतो, आणि पॉट (मधे जमलेले चिप्स) 100 होतो. फ्लॉपवर इस्पिकची राणी, चौकटची अठ्ठी आणि किलवरची तिर्री. तुम्हाला काही लागले नाही. समोरचा चेक करतो, म्हणजे बोली न लावता पाळी तुमच्याकडे देतो.

आता त्याच्या बाजूने विचार करा. हातात जोडी नसेल तर फ्लॉपवर जोडी किंवा त्याहून बरे काही लागण्याची शक्यता जेमतेम तीनात एक असते. तुम्ही 100 च्या पॉटमध्ये 40 टाकले, तर शंभरात 29 वेळा त्याने पाने टाकली तरी तुमचा तोटा नाही. त्याहून जास्त वेळा टाकली तर फायदाच. म्हणून ही छोटी बोली रास्त आहे. तिच्या मागे धाडस कमी आणि हिशेब जास्त आहे.

त्याने कॉल केला तर मात्र चित्र बदलते. त्याच्याकडे काहीतरी आहे. टर्नवर मदत आली नाही तर पुन्हा चिप्स ओतण्याआधी कारण हवे : पुढच्या पानावर सुधारण्याची आशा, किंवा हा माणूस दुसऱ्या बोलीला पाने टाकतो हा अनुभव.

कॉल करणाऱ्यासाठीही हिशेब आहे. 100 च्या पॉटमध्ये समोरच्याने 50 टाकले, तर 50 देऊन तुम्ही 150 साठी खेळता. शंभरात 25 वेळा जिंकलात तरी बरोबरी होते. फ्लॉपनंतर फ्लशला (एकाच रंगाची पाच पाने) एक पान कमी असेल, तर उरलेल्या दोन पानांत ते येण्याची शक्यता सुमारे 35 टक्के असते. एकच पान उरले असेल तर सुमारे 20.

2003 ची अंतिम लढत

लास व्हेगासला होणाऱ्या वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरच्या मुख्य स्पर्धेत 2003 मध्ये 839 खेळाडू होते. शेवटी उरले दोघे : टेनेसीचा हिशेबनीस क्रिस मनीमेकर आणि मुरलेला व्यावसायिक सॅमी फारहा. एका डावात मनीमेकरकडे राजा-सत्ती होती, फारहाकडे नव्व्यांची जोडी लागलेली होती. टर्नपर्यंत मनीमेकरला फ्लश आणि स्ट्रेट (क्रमाने पाच पाने) या दोन्हींची आशा होती, म्हणून त्याने तिथे बोली वाढवली. रिव्हरवर दोन्ही हुकले आणि त्याने सगळे चिप्स पुढे सारले. फारहाने पाने टाकली. हा ब्लफ चालला, कारण त्याची प्रत्येक बोली फ्लश असलेल्या माणसाला शोभेल अशी होती.

शेवटच्या डावात मनीमेकरकडे पंजी-चव्वी होती. फ्लॉपवर त्याला दोन जोड्या लागल्या, फारहाला गुलामांची जोडी. सगळे चिप्स मधे गेले आणि मनीमेकर विजेता ठरला. नऊ जणांत ज्या पानांकडे बघतही नाहीत, त्या पानांवर विश्वविजेतेपद ठरले.

नेहमीच्या चुका

पहिली चूक कुतूहलाची. तीन पत्तीत दोघे उरले की पैसे भरून शो मागता येतो. तीच सवय घेऊन पोकरमध्ये ‘बघू तरी काय आहे’ म्हणून कॉल केला जातो. कॉलला कुतूहल पुरत नाही, वर दाखवलेला हिशेब जुळावा लागतो.

दुसरी, पाने न टाकणाऱ्याला ब्लफ करणे. जो प्रत्येक बोलीला कॉल करतो, त्याच्याविरुद्ध ब्लफ बंद करून चांगल्या पानांवर मोठी बोली लावावी. जो भितो, त्याला मात्र वारंवार हलवावे. समोरचा माणूस न वाचता एकाच पद्धतीने खेळणे, हे बहुतेक पराभवांचे मूळ असते.

तिसरी, भारी पानांवर मोठी आणि हलक्या पानांवर छोटी बोली. समोर एकच जोडी डोळे असले तरी त्यांना हे वीस डावांत कळते.

चौथी, चिप्स कमी उरल्यावरही जुन्याच चालीने खेळणे. मोठ्या ब्लाइंडच्या दहापट, म्हणजे इथे 200 चिप्स उरले की छोट्या बोलीला फारसा अर्थ राहत नाही. सगळे लावा किंवा पाने टाका.

पाचवी, रागाची. एक्क्यांची जोडीही शंभरात पंधरा वेळा हरते. त्या हरण्याचा सूड पुढच्या डावात घेऊ पाहणारा भिडू सर्वांत लवकर संपतो.

जानेवारी 2017 मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या तुओमास सँडहोम आणि नोम ब्राउन यांनी बनवलेल्या लिब्रातस या प्रणालीने चार व्यावसायिक खेळाडूंना दोघांच्या पोकरमध्ये हरवले. वीस दिवसांत 1,20,000 डाव झाले. खेळाडूंनी दिवसा तिच्या खेळातली जी फट शोधली, ती रात्रीच्या गणितात बुजवली जाई. समोरच्या चेहऱ्याकडे न बघता, नुसत्या हिशेबावर आणि आपल्याच चुका निस्तरत ती जिंकली. आपल्यालाही तेच करता येते : बैठक संपल्यावर हरलेल्या डावांची उजळणी.

ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने केलेल्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना बंदी घातली आहे, मग खेळ कौशल्याचा असो वा नशिबाचा. मोबाइलवर पैसे लावण्याची कोणी गळ घातली तर बळी पडू नका. हा खेळ शिकायला एक पत्त्यांचा जोड, मूठभर चिंचोके आणि समोर एक शांत डोक्याचा मित्र एवढे पुरते. हिशेब करणे, माणूस वाचणे आणि राग आवरणे ही त्यातली खरी कमाई आहे, आणि ती चिंचोक्यांवरही पूर्ण मिळते.