रंगावर जाऊ नये, पाय मोजावेत

रुईच्या झुडपाभोवती रेंगाळणारं प्लेन टायगर फुलपाखरू ओळखायला सोपं: नारिंगी पंख, टोकाला काळा पट्टा, त्यात पांढरे ठिपके. रुईच्या चिकातलं विष सुरवंटाच्या अंगात साठतं आणि पुढे फुलपाखरातही उतरतं, म्हणून पक्षी सहसा त्याच्या वाटेला जात नाहीत. पण त्याच रंगाचं फुलपाखरू जमिनीलगत घोळीवर अंडी घालताना दिसलं, तर ती डॅनाइड एगफ्लायची मादी समजावी. तिच्या अंगात विष नाही, वेश मात्र विषारी शेजाऱ्याचा. फरक मागच्या पंखावर कळतो. प्लेन टायगरला मधोमध तीन-चार काळे ठिपके असतात, एगफ्लायला वरच्या कडेशी एकच. तिचा नर तर काळा, जांभळी झाक असलेल्या पांढऱ्या ठिपक्यांचा.

गंमत अशी, की वेश घेणारी आणि जिचा वेश घेतला ती, दोघीही एकाच कुळातल्या. निम्फॅलिडी, मराठीत कुंचलपाद. सुमारे ६,००० जातींचं हे फुलपाखरांचं सर्वांत मोठं कुळ. पॅन्सी, क्रो, ईव्हनिंग ब्राउन, बॅरन, पेंटेड लेडी अशी रंगरूपाने एकमेकांशी काडीचं साम्य नसलेली फुलपाखरं त्यात एकत्र नांदतात.

त्यांना जोडणारा मुख्य धागा पायांत आहे. कुंचलपाद फुलपाखरू बसलेलं पाहा, चारच पाय टेकलेले दिसतील. पुढची जोडी आखडून छातीशी घट्ट धरलेली असते. नरात तिचे सांधे कमी होऊन त्यावर केस दाट होतात आणि तिचं रूप बाटली धुण्याच्या ब्रशसारखं दिसतं. मादीचे पुढचे पायही चालायच्या कामाचे नसतात, पण निरुपयोगीही नसतात. पानावर उतरली की ती ते पानावर भराभर आपटते. पायांच्या टोकावरच्या संवेदी केसांनी वनस्पतीची चव कळते आणि हेच पिल्लांचं झाड अशी खात्री पटल्यावरच अंडं पडतं. याशिवाय मिशांच्या खालच्या अंगाला लांबट खोबणी असतात, आणि कोष शेपटाकडून उलटा लोंबतो, कमरेला धाग्याचा पट्टा नसतो.

वर्गीकरणाची सुरुवात मात्र रंगांपासूनच झाली. १७५८ साली लिनियसने सगळी फुलपाखरं ‘पॅपिलिओ’ या एकाच प्रजातीत घालून त्यांचे गट पाडले. त्यातल्या ‘निम्फॅलिस’ गटाचे पंखावर डोळ्यांसारखे ठिपके असलेली आणि नसलेली असे आणखी दोन भाग केले. कुळाला आजचं नाव राफिनेस्कने १८१५ मध्ये दिलं. पुढच्या अभ्यासकांनी मात्र एकेका गटाला स्वतंत्र कुळाचा मान दिला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९५७ मध्ये काढलेल्या विंटर-ब्लाइथ यांच्या ग्रंथातही टायगर-क्रो एका कुळात, तपकिरी ब्राउन दुसऱ्यात आणि निम्फॅलिडी तिसरंच आहे.

ही वाटणी जनुकांपुढे टिकली नाही. २००९ मध्ये निकलास वाल्बर्ग आणि सहकाऱ्यांनी सुमारे ४०० फुलपाखरांच्या जनुकक्रमांची तुलना करून १२ उपकुळांचा एकच वंशवृक्ष मांडला. डायनोसॉर संपले त्या सुमारास या कुळाच्या मोजक्याच शाखा वाचल्या आणि आजचा पसारा त्यांतून फुटला, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता कृष्णकमळावर वाढणारं टॉनी कोस्टर हेलिकोनायनीत, आंब्यावरचं बॅरन लिमेनिटिडिनीत, एरंडावरचं कॉमन कॅस्टर बिब्लिडिनीत, तर भाताच्या पानांवर पोसणारं ईव्हनिंग ब्राउन सॅटिरिनीत मोडतं. गोव्याचं राज्य फुलपाखरू मलबार ट्री निम्फ प्लेन टायगरच्याच डॅनाइनीतलं. महाराष्ट्राचं ब्लू मॉर्मन मात्र वेगळ्या कुळातलं, सहाही पाय टेकणारं.

एकच खूण पुरेशी मानायची नाही, हा धडा बीक नावाच्या लांब नाकाडाच्या फुलपाखरांनी दिला. ती याच कुळाची सर्वांत जुनी वेगळी झालेली शाखा. त्यांच्या नराचे पुढचे पाय आखडलेले, मादीचे मात्र चालते. पुढचे पाय दोन्ही लिंगांत एकदम गेले नाहीत, याचा हा जिवंत पुरावा.

म्हणून फुलपाखराचं छायाचित्र काढताना पंखांबरोबर बाजूनेही एक घ्यावं, पाय आणि मिशा दिसतील असं. नाव चुकलं तरी कुळ सहसा चुकणार नाही.