डेब्रिजच्या चार खेपा

सकाळी ७.१०

मीरा रोड पूर्व, शांतीनगर. तळमजला अधिक चार मजल्यांची इमारत, लिफ्ट नाही. तिसऱ्या मजल्यावरचं स्वयंपाकघर, संडास आणि न्हाणीघर गेल्या चार दिवसांत फोडून झालंय. आज ते सगळं खाली यायचंय. छोटा हत्ती फाटकाला लावलाय. टेम्पोवाला स्वतःच ठेकेदार. ठेका ९,००० रुपयांचा, गोण्यांपासून जिना धुण्यापर्यंत सगळं त्यात.

नाक्यावरून तिघं आलीत. दोन गडी आणि जालन्याकडच्या एक मावशी. गडी गोणीवर काम करतात, खाली उतरवलेल्या दर गोणीला २० रुपये. मावशी हजेरीवर, ६०० रुपये. त्यांचं काम गोणी उचलण्याचं नाही. प्रत्येक गोणी टेम्पोत चढण्याआधी ती उघडून बघायची, एवढंच. पण दिवस त्यावरच तरतो किंवा बुडतो.

सकाळी ८.००

रिकाम्या गोण्या सिमेंटच्याच. शंभर आणल्या, आठ रुपयांना एक. काठोकाठ भरली तर एका माणसाला उचलत नाही, म्हणून अर्ध्याच्या वर थोडी भरायची. तीसेक किलो. तोंड सुतळीने बांधायचं, डोक्यावर चुंबळ, एक हात गोणीवर, दुसरा कठड्याला.

फरशी दिसते पातळ. दोन बाय दोनची एक फरशी आठेक किलोची असते. खरं वजन तिच्याखालच्या मसाल्याचं. शंभर चौरस फुटांखाली दोन इंच मसाला असला, तर तोच नऊशे किलोंच्या घरात जातो. वर भिंतींचं प्लास्टर, कडप्प्याचा ओटा. घरमालकाला वाटतं, एवढंसं तर स्वयंपाकघर, एका खेपेत जाईल. टेम्पोवाल्याने काल बघूनच सांगितलं होतं, चार खेपा.

सोसायटीचे नियम फाटकावर चिकटवलेत. दुपारी दोन ते चार आवाज नाही. जिन्यात माल ठेवायचा नाही. काम संपलं की जिना धुऊन द्यायचा. घरमालकाने त्यासाठी १०,००० रुपये अनामत भरलीय.

सकाळी ९.१५

मावशी फाटकाच्या आत, पाण्याच्या टाकीच्या सावलीत बसल्यात. हातात रबरी मोजे, तोंडाला ओढणी. सळईचा एक वाकवलेला तुकडा आहे, तो गोणीत खुपसून त्या माल वर-खाली करतात. हात थेट घालत नाहीत. काच असते.

त्यांच्याभोवती हळूहळू ढीग वाढू लागतात. विटा, मसाला, काँक्रीट आणि फरशी गोणीतच राहते. ते टेम्पोत जाणार. लोखंड एका बाजूला. खिडकीची अॅल्युमिनियम पट्टी त्याच्या शेजारी. प्लायवूड आणि लाकूड भिंतीला टेकून. पीओपीची सीलिंग वेगळ्या गोण्यांत. प्लास्टिकचे पाइप, वायरीची वेटोळी, रंगाचे डबे.

केंद्र सरकारने २९ मार्च २०१६ रोजी बांधकाम-पाडकामाच्या कचऱ्याचे नियम काढले, तेव्हा मोठ्या कामांना माल असाच वेगळा करायला सांगितलं होतं : काँक्रीट, माती, लोखंड-लाकूड-प्लास्टिक, विटा आणि मसाला. मोठं काम म्हणजे त्या नियमांत दिवसाला २० टन किंवा एका प्रकल्पात महिन्याला ३०० टन होतं. या घराचा सगळा माल तीन टनांच्या आत-बाहेर. वेगळा तोही करावाच लागतो, आणि त्याचं कारण पहिल्या खेपेबरोबर गेल्यावर कळतं.

सकाळी १०.३०

पंचवीस गोण्या चढल्या, म्हणजे साडेसातशे किलो. पाटे दबलेले दिसतात. सिल्व्हर पार्कवरून मीरा-भाईंदर रस्ता, मेट्रोच्या खांबांखालून काशिमीरा, पुढे पेणकरपाडा.

तिथे एका इमारतीचं जोतं भरायचं काम चाललंय. भरणीला डेब्रिज लागतं. घेणारा पैसे देत नाही, मागतही नाही. पण कुठलंही डेब्रिज घेत नाही. सुपरवायझर दर खेपेला चार-पाच गोण्या स्वतःसमोर ओतायला लावतो. लाकूड नको, कारण ते कुजतं, खाली पोकळी होते आणि वरची फरशी खचते. शिवाय वाळवी. प्लास्टिक नको, त्यावर माल दबत नाही. पीओपी तर मुळीच नको. ती ओल धरते, पाण्यात विरघळत जाते आणि आसपासच्या सिमेंटलाही खाते. ओला कचरा दिसला की पूर्ण गाडी परत.

आजची पहिली खेप त्याने मान हलवून घेतली. टेम्पोवाला उतरवता उतरवता म्हणाला, “मावशींची गाडी आहे ही.” सुपरवायझरला त्यातलं काही कळलं नसावं.

दुपारी १२.१५

दुसरी खेप रवाना. वरच्या ताई खाली आल्या, हातात पिशवी. “मावशी, हेही टाका ना त्यात. तेवढंच जातंय.”

पिशवीत जुन्या दोन ट्यूबलाइट वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या, रिमोटचे सेल, मुदत संपलेल्या औषधांच्या बाटल्या.

“ताई, हे नाही जायचं.”

“का? कचराच आहे ना?”

“ट्यूब फुटली की त्यातली पूड उडते. गोणी आपटणारा माणूस ती नाकात ओढतो.”

मावशींना पारा हा शब्द ठाऊक आहे की नाही, मी विचारलं नाही. ट्यूबमध्ये पाराच असतो. ट्यूबलाइट, सेल, रंगाचे डबे, जुनी औषधं या सगळ्याला २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांनी घरगुती घातक कचरा म्हटलं, आणि तो घरीच वेगळा ठेवायला सांगितलं. ताई पिशवी घेऊन परत वर गेल्या. रागावल्या नव्हत्या, जरा गोंधळल्या होत्या. इतकी वर्षं कुणी नाही म्हटलं नसेल.

पुढच्याच गोणीत देवाचा फोटो निघाला. काच तडकलेली, चौकट फुगलेली. मावशींनी मोजे काढले. काच सोडवली, ती काचेच्या ढिगात. चौकट लाकडात. कागद पुसून कट्ट्यावर ठेवला, त्यावर एक फरशीचा तुकडा, उडू नये म्हणून. संध्याकाळी ताईंच्या हातात देणार. हा नियम कुठल्या राजपत्रात नाही, पण त्यांनी तो सगळ्यांत सावकाश पाळला.

दुपारी १.३०

वडापाव आणि चहा. एकूण २२० रुपये, दुसऱ्यांदा मागवलेल्या चहासकट. मावशी डबा आणतात, भाकरी आणि ठेचा. जेवायला म्हणून त्या पलीकडच्या जिन्यावर जाऊन बसल्या. गडी थांबले नाहीत. गोणीवर काम असलं की बसणं महाग पडतं. त्यांनी तिसरी खेप भरून टाकली.

दुपारी ३.००

पेणकरपाड्याहून फोन. सहा गोण्या नाकारल्या. दोनांत प्लाय, बाकीच्यांत पीओपीचे तुकडे. मावशी जेवत होत्या तेव्हा चढलेल्या.

अशी गोणी भाईंदरमध्ये उतरवून घेणारे मिळतात, असं टेम्पोवाला सांगतो. रात्री, खाडीच्या कडेला. “मी जात नाही. गाडी धरली की सुटता सुटत नाही.” मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ च्या आदेशातच कांदळवनात राडारोडा टाकायला आणि त्याच्या सभोवती ५० मीटरमध्ये बांधकाम करायला मनाई केली. १७ सप्टेंबर २०१८ च्या निकालात कांदळवनं नष्ट करणं हा जगण्याच्या हक्काचा भंग ठरवला. तरी तिवरांच्या मुळांशी निळ्या-पांढऱ्या फरशीचे तुकडे दिसतात. भरतीचं पाणी जिथे पसरायचं ती जागा अशी गोणीगोणीने भरत जाते. कुणाच्या तरी न्हाणीघराचा तो माल असतो, आणि खेपेचे पैसे घरमालकाने चोख दिलेले असतात.

सहा गोण्या परत आल्या. जाण्या-येण्याचं डिझेल अंगावर.

दुपारी ४.१०

मावशी कुणाला बोलल्या नाहीत. सहाही गोण्या ओतल्या, घमेल्याने पुन्हा भरल्या. दुपारच्या गोण्यांपैकी अजून एकोणीस खाली पडल्या होत्या, त्याही एकेक उघडल्या. त्यात खिडकीवरच्या छपराचा सिमेंटचा पत्रा निघाला, दोन मोठे तुकडे. गड्याने फोडायला हातोडी उचलली.

“फोडू नको! पाणी मार आधी.”

जुना सिमेंटचा पत्रा म्हणजे बहुधा अॅस्बेस्टॉस. फुटला की त्याचे तंतू हवेत येतात, फुफ्फुसात जाऊन बसतात आणि कित्येक वर्षांनी आजार काढतात. पाणी मारून, प्लास्टिकच्या कागदात गुंडाळून तुकडे फाटकाशी ठेवले. टेम्पोवाल्याने घरमालकाला स्पष्ट सांगितलं, हे माझ्या गाडीत येणार नाही, भंगारवालाही नेणार नाही, महापालिकेत विचारा. घरमालक बराच वेळ त्या पुडक्याकडे बघत राहिले.

संध्याकाळी ५.२०

चौथी खेप. एकोणीस आणि परतलेल्या सहा, पंचवीस बरोबर. एकूण ९४ गोण्या. सुपरवायझरने या वेळी आठ ओतायला लावल्या. सगळ्या घेतल्या.

इकडे जिना धुतला जातोय. वरून बादल्या, खाली खराटा. पांढरं पाणी गटारात जाऊ नये म्हणून मावशींनी खाली पोत्याचा बांध घातलाय. गाळ बसला की तो सुकवून गोणीत.

संध्याकाळी ६.४०

भंगारवाला वजनकाटा घेऊन आला. लोखंड ९ किलो, २८ च्या भावाने २५२. अॅल्युमिनियम दीड किलो, १४० ने २१०. एकूण ४६२. ते तिघांत वाटायचे असं सकाळीच ठरलेलं, प्रत्येकी १५४.

गड्यांना ९४० आणि ९४०. मावशींना ६००. गोण्या ८००, डिझेल ९००, खाणं २२०. टेम्पोवाल्याकडे ४,६०० राहिले. टेम्पोचा हप्ता महिन्याला १३,८०० आहे. म्हणजे असे तीन दिवस नुसते बँकेचे, टायर आणि विमा वेगळा. आणि असं काम रोज लागत नाही.

मावशींनी पैसे मोजले, पदरात बांधले. त्यांच्याशिवाय आज दोन-तीन खेपा तरी परत आल्या असत्या, हे टेम्पोवाल्याला माहीत आहे. हजेरी मात्र ६०० च. गेल्या दिवाळीनंतर ५०० ची ६०० झाली.

टेम्पोवाल्याचा फोन वाजला. कनकियात परवा काम आहे.

“मावशी, परवा येणार ना?”

“काय आहे? संडास-न्हाणी की किचन?”

“हॉल. दुसरा मजला.”

“हॉल म्हणजे वर पीओपी असणार. ती आधी उतरवून वेगळी भरायला सांग त्यांना. आणि मी जेवायला बसले की गाडी भरायची नाही.”

“नाही भरत.”

“आणि ७०० दे.”

टेम्पोवाल्याने गाडी सुरू केली, मग बंद केली. “६५०,” म्हणाला.

“७००.”

“बरं. या.”