सांभाळणाऱ्यांचा विसावा : कालगुर्लीतील दिव्यांग आणि त्यांची कुटुंबे

दिव्यांग व्यक्तीने एखादी रात्र, शनिवार-रविवार किंवा आठवडा-दोन आठवडे प्रशिक्षित माणसांच्या देखरेखीखाली घराबाहेर राहायचे आणि तेवढे दिवस घरच्यांनी मोकळे व्हायचे, या व्यवस्थेला ऑस्ट्रेलियात रेस्पाइट म्हणतात. हा दवाखान्यातला मुक्काम नसतो आणि कायमचे वसतिगृहही नसते. ठरलेले दिवस संपले की व्यक्ती आपल्या घरी परतते. काही वेळा उलटेही करतात : व्यक्ती घरीच राहते, मदतनीस मुक्कामाला येतो आणि आईवडील चार दिवस बाहेर जातात. दोन्हींचा हेतू एकच असतो. सांभाळणारा माणूस थकून कोलमडू नये आणि ज्याला सांभाळायचे त्याचे घर टिकावे.

ही गरज का निर्माण होते, हे रोजच्या कामातून कळते. सेरेब्रल पाल्सी असलेल्या तरुण मुलाला खाटेवरून चाकाच्या खुर्चीत उचलून बसवणे, रात्री दोन-तीनदा उठून कूस बदलणे, फिट आली तर औषध देणे, न झोपणाऱ्या स्वमग्न मुलासोबत जागणे, ही कामे सुट्टीच्या दिवशीही थांबत नाहीत. मूल मोठे होत जाते, वजन वाढते आणि त्याच वेळी आईवडिलांची पाठ आणि गुडघे थकत जातात. ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी विभागाने २०२२ मध्ये केलेल्या पाहणीनुसार देशात ५५ लाख लोकांना कोणते ना कोणते अपंगत्व होते आणि सुमारे ३० लाख लोक घरच्या किंवा ओळखीच्या कुणाला तरी विनावेतन सांभाळत होते.

कालगुर्लीत हा भार अधिक जाणवतो. १८९३ साली पॅडी हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना इथे सोने सापडले आणि पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या ओसाड भागात हे गाव उभे राहिले. १९८९ मध्ये शेजारचे बोल्डर त्यात विलीन झाले. आज या जोडशहराची वस्ती तीस हजारांच्या आसपास आहे आणि सुपर पिट ही सोन्याची अवाढव्य उघडी खाण शहराला लागूनच आहे. राज्याची राजधानी पर्थ सुमारे ६०० किलोमीटर दूर आहे. प्रॉस्पेक्टर ही रेल्वेगाडी त्यासाठी जवळपास सात तास घेते. खाणीत बारा-बारा तासांच्या पाळ्या असतात. नोकरीसाठी येऊन स्थिरावलेल्या कुटुंबांचे आजी-आजोबा, मामा-मावश्या दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या देशात असतात. दोन तास मूल सांभाळायला हाक मारावी असे घरचे माणूस जवळ नसते. रात्रपाळी करून आलेला बाप दिवसा झोपतो आणि आई एकटीच सगळे ओढते.

अशा दूरच्या गावांचा विचार करताना पश्चिम ऑस्ट्रेलियाने एक महत्त्वाची वाट दाखवली. १९८८ मध्ये राज्याच्या दक्षिणेकडील ऑल्बनी भागात ‘लोकल एरिया कोऑर्डिनेशन’ ही पद्धत सुरू झाली. सेवा मिळवण्यासाठी कुटुंबांना गाव सोडून पर्थला जावे लागू नये म्हणून सरकारने त्यांच्या गावातच एक समन्वयक नेमला. तो घरी येऊन गरज समजून घेई आणि शेजारी, शाळा, संस्था यांतून मदत जोडून देई. त्याआधी, १९८५ मध्ये, केंद्र आणि राज्यांनी मिळून घरपोच काळजीचा कार्यक्रम आखला होता. सांभाळणाऱ्यांना विसावा देणे हा त्याचाही भाग होता. समन्वयकाची कल्पना पुढे संपूर्ण देशाने उचलली.

आजची मुख्य व्यवस्था म्हणजे राष्ट्रीय अपंगत्व विमा योजना, एनडीआयएस. तिचा कायदा २०१३ चा. पश्चिम ऑस्ट्रेलियाने सुरुवातीला स्वतःची वेगळी व्यवस्था चालवून पाहिली आणि डिसेंबर २०१७ मध्ये राष्ट्रीय योजनेत सामील होण्याचा निर्णय घेतला. योजनेत प्रवेश करताना वय ६५ पेक्षा कमी असावे लागते आणि अपंगत्व कायमचे असावे लागते. कुटुंबाचे उत्पन्न पाहिले जात नाही. प्रत्येक सहभागी व्यक्तीचा स्वतंत्र आराखडा तयार होतो आणि त्यात वर्षभराच्या सेवांसाठी रक्कम मंजूर होते. विसाव्याच्या मुक्कामासाठी साधारणपणे वर्षाला २८ दिवसांपर्यंत निधी मिळतो. हे दिवस महिन्यातून एक शनिवार-रविवार असे वाटून घेता येतात किंवा सलग काही दिवस वापरता येतात. राहणे, जेवण, अंगाची काळजी आणि ठरलेले उपक्रम यांचा खर्च एकत्रित दराने दिला जातो. किती जणांमागे एक मदतनीस लागेल त्यावर तो दर बदलतो. कुटुंबाची सहल किंवा हॉटेलातली सुट्टी यासाठी हा पैसा नाही. कशावर खर्च चालेल आणि कशावर नाही, याच्या नेमक्या याद्या ३ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाल्या.

मंजुरी मिळवताना “आम्ही दमलो” एवढे सांगून भागत नाही. रात्री किती वेळा उठावे लागते, उचलायला किती माणसे लागतात, इतर भावंडांकडे किती लक्ष देता येते, सांभाळणाऱ्याला कोणते आजार आहेत, हे लिहून द्यावे लागते. डॉक्टर, फिजिओथेरपिस्ट आणि शाळा यांचे अहवाल जोडावे लागतात. लाजेखातर अडचणी कमी करून सांगणाऱ्या घरांना कमीच मदत मिळते.

मुक्काम चांगला होण्यासाठी पूर्वतयारी निर्णायक ठरते. पहिल्यांदा तासाभराची भेट, मग एक दुपार, मग एक रात्र अशा पायऱ्यांनी गेले की अनोळखी जागेची भीती कमी होते. सोबत एक सविस्तर टिपण द्यायचे असते : औषधांच्या वेळा, गिळण्याचा त्रास असल्यास अन्न किती मऊ हवे, फिट आल्यास काय करायचे, शब्द नसतील तर ‘हो’ आणि ‘नको’ कसे ओळखायचे, कशाने मन शांत होते. मराठी घरातल्या मुलासाठी वरण-भात, घरी बोलले जाणारे पाच-दहा शब्द आणि झोपताना ऐकण्याची गाणी हीदेखील काळजीचीच माहिती आहे. मुक्कामाच्या दिवसांत पोहणे, बाजारहाट, स्वयंपाकात हातभार लावणे, नवे मित्र जोडणे यांना जागा हवी. आईवडिलांशिवाय राहून पाहण्याचा हा अनुभव मोठेपणी स्वतंत्र राहण्याची तयारी ठरतो. जिथे व्यक्ती दिवसभर नुसती बसून राहते, तो मुक्काम घरच्यांना मोकळीक देतो खरा, पण आपले अर्धेच काम करतो.

सुरक्षिततेचा प्रश्न कधीही दुय्यम मानता येत नाही. दिव्यांगांवरील हिंसा आणि दुर्लक्षाची चौकशी करणाऱ्या शाही आयोगाने सप्टेंबर २०२३ मध्ये अंतिम अहवाल दिला. बंद दारांआड घडणारे अत्याचार त्यातून देशापुढे आले. एनडीआयएसच्या सेवांवर लक्ष ठेवणारा गुणवत्ता आणि सुरक्षा आयोग पश्चिम ऑस्ट्रेलियात १ डिसेंबर २०२० पासून काम करतो. तिथे तक्रार करता येते. तरीही रात्री किती कर्मचारी जागे असतात, त्यांची पार्श्वभूमी तपासलेली आहे का, न सांगता भेटायला येता येते का, हे घरच्यांनी स्वतः विचारायलाच हवे.

सांभाळणाऱ्यांसाठी वेगळी दारेही आहेत. ‘केअरर गेटवे’ ही राष्ट्रीय सेवा समुपदेशन, समान परिस्थितीतल्या काळजीवाहकांचे गट आणि आणीबाणीच्या वेळी तातडीचा विसावा मिळवून देते. तिचा दूरध्वनी १८०० ४२२ ७३७ असा आहे. काळजीवाहकांचे सरकारी मानधन घेणाऱ्यांना वर्षाला ६३ दिवसांपर्यंत काळजीतून सुटी घेता येते आणि मानधन बंद होत नाही. वृद्धांसाठी ‘माय एज्ड केअर’ या सरकारी सेवेमार्फत वृद्धसेवा केंद्रात आर्थिक वर्षात ६३ दिवसांपर्यंत अल्पकालीन मुक्काम मिळू शकतो.

नियम कागदावर असले तरी कालगुर्लीत अंतर आडवे येते. लहान शहरात सेवा देणारे थोडे असतात, प्रशिक्षित कर्मचारी मिळणे अवघड असते आणि खाणीच्या पगाराशी स्पर्धा करावी लागते. दुर्गम भागासाठी एनडीआयएस ४० टक्के आणि अतिदुर्गम भागासाठी ५० टक्के जास्त दर देते, पण वाढीव दराने माणूस लगेच उभा राहत नाही. लिओनोरा कालगुर्लीपासून सुमारे २३५ किलोमीटरवर आहे, लॅव्हर्टन त्याहूनही दूर. तिथल्या आदिवासी कुटुंबांसाठी आपली भाषा आणि नातलग सोडून परक्या इमारतीत राहणे हा विसावा नव्हे. त्यामुळे आपल्या माणसांत, आपल्या भूमीवर मिळणारी सेवाच त्यांच्या उपयोगाची ठरते.

नोकरीनिमित्त गेलेल्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट आधीच जाणून घ्यावी. एनडीआयएससाठी नागरिकत्व, कायम वास्तव्याचा परवाना किंवा न्यूझीलंडच्या काही नागरिकांना मिळणारा विशेष संरक्षित व्हिसा लागतो. तात्पुरत्या कामाच्या व्हिसावर आलेल्यांच्या मुलाला ही योजना मिळत नाही. म्हणून निघण्यापूर्वीच खर्चाचा आणि मदतीचा विचार करणे शहाणपणाचे आहे.

विसाव्याची हीच गरज आपल्याकडेही आहे. महाराष्ट्रात २०११ च्या जनगणनेनुसार सुमारे २९ लाख ६३ हजार दिव्यांग होते. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली ‘समर्थ’ ही विसावा-निवासाची आणि ‘घरौंदा’ ही कायमच्या निवासाची योजना आखली गेली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात जास्त मदतीची गरज असलेल्यांसाठी काळजीवाहक भत्त्याची तरतूद आहे. बदलापूरची ‘आधार’ ही संस्था मतिमंद मुलांच्या पालकांनीच उभी केली. मात्र आपल्याकडे बहुतेक चर्चा ‘आमच्यानंतर मुलाचे काय’ या प्रश्नाभोवती फिरते आणि आज, आईवडील हयात असताना, त्यांना चार रात्रींची झोप कशी मिळेल हा प्रश्न मागे पडतो. कायमच्या निवासापेक्षा अल्पकालीन मुक्कामाला जागा कमी लागते. एका विशेष शाळेच्या इमारतीत महिन्यातून दोन रात्री, चार खाटा आणि दोन प्रशिक्षित माणसे यांवरही सुरुवात होऊ शकते. पालक संघ, शाळा आणि नगरपालिका यांनी मिळून ती करावी. सांभाळणारा टिकला तरच काळजी टिकते, आणि त्याचा विसावा हा काळजीचाच भाग मानून त्यासाठी पैसा आणि जागा राखून ठेवायला हवी.