वाकून बघा, मोजून बघा!

दोस्तांनो, हे पान वाचता वाचता एक गंमत करा. जमिनीवर बसा. पाय समोर सरळ पसरा. गुडघे वाकवायचे नाहीत हं! आता दोन्ही हात हळूहळू पुढे नेऊन पायांची बोटं धरायचा प्रयत्न करा. जमलं? शाब्बास! नाही जमलं? काही बिघडलं नाही. मलाही जमत नाही.

मी छत्रपती संभाजीनगरमधल्या मुकुंदवाडीत शिक्षक आहे. आमचं मैदान तसं लहानच. लांबून रेल्वेची शिट्टी ऐकू येते, मधूनच चिकलठाण्याच्या विमानतळाकडे जाणारं विमान दिसतं. पण मुलांचं लक्ष असतं खो-खोच्या खांबाकडे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. प्रियांका इंगळेच्या महिला संघाने आणि प्रतीक वाईकरच्या पुरुष संघाने, दोघांनीही तो भारताला जिंकून दिला. तेव्हापासून तर आमच्या खांबाला विसावाच नाही!

एका संध्याकाळी एक खेळाडू खांबाला धरून असा काही वाकला, की बघणाऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. माझ्या शेजारी सातवीतली एक मुलगी उभी होती. ती म्हणाली, "सर, खेळून खेळून अंग लवचीक होतं, की ज्यांचं अंग आधीच लवचीक असतं तेच खेळात टिकतात?"

मी गप्पच झालो. प्रश्न साधा होता, पण उत्तर काही सोपं नव्हतं. म्हटलं, "चला, यंदाच्या विज्ञान प्रदर्शनाला हाच प्रकल्प!"

आधी लवचिकता म्हणजे काय ते बघू. एखादा सांधा न दुखता जेवढा फिरतो, वाकतो, तेवढी त्याची लवचिकता. ती हाडांच्या आकारावर, भोवतालच्या स्नायूंवर आणि सांध्याला बांधून ठेवणाऱ्या चिवट पट्ट्यांवर अवलंबून असते. आणि बरं का, प्रत्येक सांध्याची लवचिकता वेगळी. खांदा मोकळा असला म्हणून कंबरही मोकळी असेलच असं नाही.

दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या काळात बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाला नवं जीवन दिलं. मल्लखांबावरची मुलं पाहिली की आपल्याला वाटतं, यांना हाडंच नाहीत. पण विज्ञानात नुसतं 'वाटून' भागत नाही, मोजावं लागतं. कॅथरिन वेल्स आणि एव्हलिन डिलन या दोघींनी १९५२ साली त्यासाठी एक सोपी चाचणी मांडली. तुम्ही सुरुवातीला केलीत ना, तीच! बसून पुढे वाकायचं आणि हात कुठवर पोहोचतो ते मोजायचं. मांडीच्या मागचे स्नायू आणि कंबर किती सैल आहे, हे त्यावरून कळतं.

साहित्य अगदी घरचं. एक मजबूत खोका, त्यावर एक लांब फळी आणि फळीवर चिकटवलेली शिंप्याची टेप. खोका भिंतीला टेकवा. फळी अशी ठेवा, की तिचा अर्धा भाग पायांच्या वर येईल. तळपाय खोक्याला जिथे टेकतात, तिथे शून्य. बोटं त्याच्या पुढे गेली तर अधिक, अलीकडेच थांबली तर उणे. गणितातल्या अधिक-उण्या संख्या इथे कामाला येतात बघा! बूट काढायचे, झटके द्यायचे नाहीत, शेवटी दोन सेकंद थांबायचं. प्रत्येकाला तीन संधी.

आम्ही खो-खो खेळणारी मुलं घेतली आणि तेवढीच न खेळणारी. मोजलं. खेळाडू कितीतरी पुढे! पोरांनी लगेच स्केचपेनने रंगीत तक्ता केला.

इथे माझ्या हातून एक चूक झाली. मी सगळ्यांचे आकडे वर्गात मोठ्याने वाचले. एका मुलाचा आकडा होता उणे सात. झालं! मधल्या सुट्टीपर्यंत त्याचं नावच 'उणे सात' पडलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला. डोळे भरलेले, पण आवाज ठाम. "सर, खेळाडूंना तुम्ही संध्याकाळी मैदानावर मोजलं. आम्हाला सकाळी पहिल्या तासाला, थंडीत. मलापण पळून आल्यावर मोजा."

त्याने मैदानाला पाच फेऱ्या मारल्या आणि तो खोक्यासमोर बसला. आकडा आला उणे तीन!

वर्ग चिडीचूप. पळण्याने अंग तापलं की स्नायू सहज ताणले जातात. म्हणजे आम्ही खेळ मोजलाच नव्हता. आम्ही मोजला होता तापलेल्या आणि गार स्नायूंमधला फरक!

प्रदर्शनाला आठ दिवस उरले होते. तक्ता सुंदर झाला होता. एकजण हळूच म्हणाला, "सर, परीक्षकांना थोडंच कळणार आहे?" खरं सांगू? क्षणभर माझ्याही मनात तेच आलं. मग त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलीनेच तक्ता गुंडाळून ठेवला. "पण आपल्याला कळलंय ना," ती म्हणाली.

आम्ही पुन्हा मोजलं. या वेळी सगळ्यांना एकाच वेळी, सकाळी, पाच मिनिटं चालून आल्यावर. नावांऐवजी चिठ्ठीवर क्रमांक, म्हणजे कुणाला कुणाचा आकडा कळणार नाही. मुलींची तुलना मुलींशीच, कारण या चाचणीत मुलींचा आकडा सहसा जास्त येतो. आणि उंची भराभर वाढण्याच्या वयात आधी पाय लांब होतात, धड मागून वाढतं. अशा मुलाचा हात पायांपर्यंत पोहोचत नाही. तो आळशी असतो म्हणून नाही, वाढत असतो म्हणून!

नव्या आकड्यांत खेळाडू पुढेच होते, पण अगदी थोडे. आमचा सर्वांत चपळ गडी तर पार खालच्या क्रमांकावर!

मग त्या मुलीच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं का? नाही. आपल्या शहरात विद्यापीठाच्या आवारात भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे. अशा ठिकाणी निवड होऊन खेळाडू येतात. त्यांचं अंग लवचीक दिसलं, तरी ते सरावाने झालं की निवडच तशांची झाली, हे एकदा मोजून कळणार कसं? त्यासाठी आधी आणि नंतर, असं दोनदा मोजायला हवं.

हा प्रयोग तुम्ही करू शकता. वर्गातल्या मुलांचे चिठ्ठ्या टाकून दोन गट करा. आवडीने गट पाडलेत, तर लवचीक मुलं एकाच गटात जातील. एका गटाने सहा आठवडे, आठवड्यातून चार दिवस, अंग तापवून मांडीमागचे स्नायू ताणायचे. दर वेळी तीस सेकंद, तीनदा. दुसऱ्या गटाने रोजचंच खेळायचं. शेवटी अशा मित्राला मोजायला सांगा, ज्याला कोण कुठल्या गटात आहे हे ठाऊक नाही. घरच्यांची आणि शिक्षकांची परवानगी हवीच. दुखलं की लगेच थांबायचं. आणि दुसऱ्याची पाठ दाबून त्याला वाकवायचं नाही, कधीच नाही!

प्रदर्शनात आमच्या तक्त्यावर शेवटची ओळ होती : 'आमच्या शाळेतले खेळाडू थोडे अधिक लवचीक आढळले, पण खेळामुळेच ते तसे झाले, असं आम्ही म्हणू शकत नाही.' परीक्षकांनी विचारलं, "मग उत्तर काय?" ती मुलगी म्हणाली, "अजून शोधतोय."

आमचा नंबर आला नाही. पण सहा आठवड्यांच्या प्रयोगाच्या चिठ्ठ्या तयार आहेत. त्या कोण कापतोय, माहीत आहे? तोच, उणे सातवाला! आता मात्र त्याला कुणी तसं म्हणत नाही.

मग घेताय ना खोका आणि टेप? आकडा अधिक येवो की उणे, लिहायचा मात्र खराच हं!