फ्यूजच्या जागी तार घालू नका

ऊसहंगाम सुरू झाला की ट्रॅक्टरच्या मागच्या दिव्यांचा फ्यूज वारंवार उडतो. मग सिगारेटच्या पाकिटातली चांदी नाहीतर तांब्याची तार घालून वेळ मारून नेली जाते. फ्यूज जळतो म्हणूनच वायर वाचते. तार घातलीत तर वायरिंगच पेटेल. आणि दिव्याविना ट्रॉली रात्री रस्त्यावर नेली तर मागचा मोटारसायकलवाला सरळ उसात घुसतो.

शॉर्ट शोधायला १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब होल्डरसह पुरे. हेडलाइट बंद ठेवा, उडालेल्या फ्यूजच्या जागी बल्बच्या दोन वायरी जोडा आणि पार्किंगचे बटण चालू करा. बल्ब लख्ख पेटला तर शॉर्ट आहेच. आता ट्रॉलीची पिन काढा. बल्ब मंदावला तर दोष ट्रॉलीत. बहुधा तिथेच सापडतो, हुकाजवळ वायर घासून उघडी पडते. नाही मंदावला तर ट्रॅक्टरचे एकेक जोड सोडवत चला. डॅशखाली उंदरांनी कुरतडलंय का तेही बघा.

दुरुस्तीआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडा. नुसती चिकटपट्टी टिकत नाही. खराब तुकडा कापून त्याच जाडीची वायर जोडा, रबरी नळीतून न्या. नवा फ्यूज ट्रॅक्टरच्या पुस्तकात दिलेल्या अँपिअरचाच घाला.