काट्याचे तोंड कोणत्याही दिशेला असो

पदार्थविज्ञानातील ‘सममिती’ हा शब्द वाचताच रांगोळीच्या डाव्या-उजव्या बाजूंचा सारखेपणा डोळ्यांपुढे येतो. परंतु तेथे अभिप्रेत असते ते नियमाचे न बदलणे. नागपूरच्या संत्रा मार्केटात काट्याचे तोंड पूर्वेला असो वा उत्तरेला, किलोभर संत्री किलोभरच भरतात. प्रयोगाची दिशा अथवा एकसमान वेग बदलला तरी निसर्गनियम तोच राहतो, यालाच लोरेन्ट्झ सममिती (सापेक्षता सिद्धान्ताच्या मुळाशी असलेली अवकाश-काळाची सममिती) म्हणतात.

मात्र २७ किलोमीटर परिघाचे यंत्र फिरवून पाहायचे कसे? ते काम पृथ्वीच करते. जिनिव्हाजवळील लार्ज हॅड्रॉन कोलायडर (प्रोटॉनांच्या टकरी घडवणारे यंत्र) तिच्यासह एका नाक्षत्र दिवसात (ताऱ्यांच्या संदर्भातील एक फेरी, सुमारे २३ तास ५६ मिनिटे) दिशा बदलत फिरून येतो. तेथील सीएमएस या शोधकाने, ज्याच्या बाह्य ऊर्जामापकाच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा आहे, २०१६ व २०१७ मधील टकरींत टॉप क्वार्कच्या (सर्वांत जड ज्ञात मूलकणाच्या) जोड्या किती निर्माण होतात, हे नाक्षत्र वेळेनुसार तपासले. सौर व नाक्षत्र दिवसांतील रोजचा चार मिनिटांचा फरक क्षुल्लक भासतो, पण वर्षभरात त्याचा पुरा दिवस होतो, आणि त्यामुळेच सौर दिवसाशी बांधलेले बदल वेगळे ओळखता येतात.

सममिती भंगत असती तर जोड्यांच्या संख्येत नाक्षत्र वेळेनुसार चढउतार दिसला असता; २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तो आढळला नाही. त्यावरून प्रयोग फसला असे समजणे चूक होय, कारण सममिती भंगत असलीच तर ती किती सूक्ष्म प्रमाणात, याची मर्यादा त्याने अमेरिकेतील टेवाट्रॉन या कणत्वरकावरील आधीच्या मोजमापापेक्षा बरीच खाली आणली.